मावशीचे हात: कोल्हापुरी चपलांच्या रील्सच्या नोंदी

१ जुलै २०२५, मंगळवार

तात्यांनी आज होकार दिला. दिवाळीपर्यंत दुकानाच्या रील्सचं काम माझ्याकडे. आठवड्याला तीन व्हिडिओ, सगळे उभे, सगळे फोनवर. वेगळा कॅमेरा घ्यायचा नाही. खर्चात फक्त एक स्टँड आणि कॉलरला लावायचा माइक.

हे आत्ताच का, ते लिहून ठेवते. २२ जूनला मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरी दिसल्या. नाव कुठेच नव्हतं. इथून ओरड झाली, तेव्हा कंपनीने महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला पत्र लिहून प्रेरणा कुठून घेतली ते मान्य केलं. गेला आठवडाभर देशात ज्याच्या त्याच्या तोंडी कोल्हापुरी चप्पल आहे. पण चप्पल लाईनीतल्या आमच्या दुकानाचं नाव शिवाजी चौकाच्या पलीकडे कुणाला ठाऊक नाही. २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते 'कोल्हापुरी चप्पल' या नावाला, आणि ते आठ जिल्ह्यांचं आहे: इकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. एवढ्या मोठ्या नावाखाली आजोबांनी सुरू केलेलं एक दुकान कुणाला कसं दिसणार?

तात्या म्हणाले, "आगं, पावसात कोण चप्पल घेतंय?" म्हणूनच पावसात सुरुवात करायची. चामडं सुकत नाही, रंग बसत नाही, कारागिरांचे हात जरा मोकळे असतात. चार महिने शिकायला मिळतील.

उद्दिष्ट एकच ठरवलं. दिवाळीच्या आत एखादं अनोळखी गिऱ्हाईक पायरी चढून आमच्या दुकानाचं नाव विचारत यायला हवं. फॉलोअर्सचा आकडा तात्यांना सांगायचा नाही, असं मी मनाशी ठरवलंय.

४ जुलै, शुक्रवार

पहिला व्हिडिओ काल संध्याकाळी टाकला. मिलानचा विषय, मी कॅमेऱ्यासमोर, हातात आमचा जोड, वर मोठ्या अक्षरांत प्रश्न. रात्रीत एवढा पळाला की तात्यांनी सकाळी देवपूजेच्या आधी फोन केला.

दुपारी बसून सगळ्या कमेंट्स वाचल्या. परदेशी कंपनीवरचा राग, सरकारवरचा राग, आपापसातली भांडणं. आमच्या जोडाबद्दल एकच प्रश्न होता, "चारशेत मिळेल का?" दुकान कुठे आहे, हे कुणीही विचारलं नाही.

चर्चा दुसऱ्याची आणि आपण तिच्यात उभे, एवढंच झालं. पुण्यातल्या नोकरीत चार वर्षं मी कंपन्यांसाठी हेच केलं: जे गाजतंय त्यावर स्वार व्हायचं. मोठ्या कंपनीला ते परवडतं, कारण तिचं नाव लोकांना आधीच पाठ असतं. आमचं नाव अजून कुणी ऐकलेलंच नाही. उद्या विषय थंडावला की आम्हीही थंडावणार.

९ जुलै, बुधवार

आज फक्त तांत्रिक काम. कारखान्यातल्या ट्यूबखाली घेतलेल्या प्रत्येक शॉटमध्ये काळे पट्टे वरून खाली सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, फोन मात्र सेकंदाला ३० फ्रेम्सवर आणि शटर त्याच हिशेबात. २५ फ्रेम्स आणि शटर सेकंदाचा एक पन्नासांश केल्यावर पट्टे गेले. त्याहून बरं म्हणजे ट्यूब बंद करून दाराजवळ बसणं. पावसाळी उजेडात चामड्याचा तांबूस रंग फार सुंदर दिसतो, फक्त एक्स्पोजर चामड्यावर लॉक करावं लागतं, नाहीतर कारागिराचा पांढरा सदरा भडक होतो.

फ्रेम ९:१६. खालचा पाचवा हिस्सा मजकुराखाली झाकला जातो आणि उजवी कड बटणांखाली. त्यामुळे काम चालू असलेला हात फ्रेमच्या मध्याच्या किंचित वर हवा. प्रोफाइलवरचे चौकोन या वर्षी उभे झालेत, म्हणून कव्हर बनवताना वरचा-खालचा मजकूर कापला जात नाही ना, हे बघायचं.

एडिटिंग ॲपमध्ये 'पट्टा' लिहिलं की ट चा पाय मोडून पडतो आणि 'कोल्हापुरी'तला ल्हा फुटतो. चार फॉन्ट बघितले. शेवटी मजकूर दुसरीकडे लिहून त्याचं चित्र बनवलं आणि ते वर चिकटवलं. वेळ जातो, पण आपल्याच गावाचं नाव मोडक्या अक्षरांत लावणं मला सहन होणार नाही.

१६ जुलै, बुधवार

प्राडाची माणसं या आठवड्यात कोल्हापुरात आली आहेत. लाईनीतले सगळे म्हणतात, आता दुसरा व्हिडिओ टाक, असा मोका परत येणार नाही. टाकला नाही. त्याऐवजी सुभाषनगरात मावशीकडे गेले.

आमच्या चपलेच्या पट्ट्यावरची वेणी दुकानात होत नाही. ती पाच बायका आपापल्या घरी घालतात आणि मावशी त्यांच्यात सगळ्यात जुनी. कारखान्यातून पट्ट्या जातात, आठवड्याने वेण्या परत येतात. गिऱ्हाइकाला या घरांचा पत्ता नसतो. खरं सांगायचं तर मीसुद्धा लहानपणानंतर पहिल्यांदाच तिला काम करताना नीट बघितलं.

बकऱ्याच्या पातळ चामड्याचा तुकडा तिने मांडीवर घेतला आणि रापीने त्याच्या बारीक पट्ट्या काढल्या. पट्टी लावली नाही, खूण केली नाही. सगळ्या सारख्या. मग ओल्या फडक्यावरून त्या फिरवून मऊ केल्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात दाबलं आणि बोटं चालायला लागली. बोलताना ती माझ्याकडे बघत होती, हातांकडे नाही. मध्येच एक पट्टी उलटी पडली, तर बोटांनीच ती ओळखून सरळ केली. माझं तोंडातलं वाक्य अर्धंच राहिलं.

मी शूटिंगचं विचारलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "माझं तोंड नको दाखवू बाई. हात दाखव की."

कारण मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. शेजारची पोरगी कॉलेजात जाते. आई चपलेचं काम करते हे तिने वर्गात सांगितलेलं नाही. हे काम कोण करतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. चप्पल मिरवणारे आडनाव विचारतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो, हे मावशीने साठ वर्षं ऐकलंय. भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर आहे, तिला रोज ताजं फूल असतं. तिला कामाची लाज नाही. तिला भीती आहे ती लोकांच्या नजरेची.

म्हणून नियम केला: ज्याला जेवढं दाखवायचं तेवढंच. टाकण्याआधी व्हिडिओ त्या माणसाला दाखवायचा. नको म्हटलं तर तिथल्या तिथे पुसायचा.

२३ जुलै, बुधवार

मावशीचा व्हिडिओ टाकला. ३४ सेकंद. फक्त हात, पायाचा अंगठा आणि वेणी. गाणं नाही. पत्र्यावर पावसाचा आवाज, चामडं ताणल्याचा बारीक कुरकुर आवाज आणि तिचं बोलणं.

पहिल्या सेकंदाला काय ठेवायचं, यावर दोन दिवस घालवले. पहिल्या जुळणीत आधी दुकानाची पाटी, मग मावशीचं घर, मग हात असं होतं. तिथे बघणारा पोचतच नाही, अंगठा वर सरकतो. दुसऱ्या जुळणीत सुरुवातच अर्ध्या वेणीपासून केली: बोटं आधीच चालू आहेत आणि ती म्हणतेय, "हे बग, हितं चुकलं की सगळं उसवाय लागतं." चुकणार का, हे बघायला माणूस थांबतो. दुकानाचं नाव शेवटी, ते वेणी पट्ट्यावर बसते तेव्हा.

मजकुराच्या ओळी आपोआप काढून बघितल्या, एकही नीट आली नाही. कोल्हापूरच्या बायकांची बोली यंत्राला कळत नाही. हाताने लिहिल्या. ती म्हणते, "मी दिसाला चार जोड इणतो." तसंच लिहिलं. तासाभरात एकाने खाली लिहिलं की बाई 'विणतो' कसं म्हणेल, 'विणते' करा. बदललं नाही. आमच्याकडे आजी, आई, मावशी सगळ्या 'मी येतो, मी जातो' म्हणतात. तो वाचणारा चुकीचा नाही, त्याने कोल्हापूर ऐकलेलं नाही एवढंच. दुपारपर्यंत कागल, इचलकरंजी, निपाणीकडच्या माणसांनी त्याच कमेंटखाली आपापल्या आजीच्या आठवणी लिहिल्या. एक जण दुबईत आहे, त्याने लिहिलं की आवाज ऐकून घरी फोन लावला.

मावशीला तिच्या नातवाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढी माणसं रिकामी हाईत व्हय?" आणि परत वेणीला लागली. पण निघताना तिने मला चहा न घेता सोडलं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

दहा दिवसांचा हिशेब. मिलानच्या व्हिडिओला मावशीच्या व्हिडिओच्या कित्येक पट व्ह्यूज. पण मावशीचा व्हिडिओ लोकांनी एकमेकांना पाठवला, सेव्ह केला, परत परत बघितला. प्रोफाइलवर येऊन दुकानाचा पत्ता उघडणारे जवळजवळ सगळे याच व्हिडिओवरून आले.

इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारीत सांगितलं होतं की कुठला व्हिडिओ आधी दाखवायचा याचा क्रम लावताना तीन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन असतं: किती वेळ बघितलं, किती लाइक्स, आणि किती जणांनी पुढे पाठवलं. जे आपल्याला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायचं तर पुढे पाठवणं जास्त कामी येतं. मला यात मावशीच दिसते. चिडलेला माणूस तिथेच कमेंट करून मोकळा होतो. 'हे आईला दाखवायला हवं' असं वाटणारा माणूस पाठवतो.

यूट्यूब शॉर्ट्सवरचा आकडा बघून तात्या खूश होते. त्यांना समजावलं: मार्च अखेरपासून तिथे व्हिडिओ सुरू झाला की लगेच एक व्ह्यू मोजतात, बघितला न बघितला तरी. खरे थांबलेले किती, ते आत वेगळं दिसतं. त्यांनी आतला आकडा बघितला, जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मंजे गल्लीतनं गेली ती बी गिऱ्हाइकंच धरायची?" बरोबर समजले.

११ ऑगस्ट, सोमवार

चूक झाली. सोलवर मोगरीचे घाव बसतात, त्या तालावर एक गाजलेलं गाणं जोडलं आणि टाकलं. सकाळी आवाज बंद. आमचं खातं व्यवसायाचं आहे, त्या खात्याला सगळी गाणी वापरायची मुभा नसते. मला हे माहीत होतं. गाणं दुसऱ्या ॲपमध्ये जोडलं म्हणजे चालेल असं वाटलं होतं. मुक्या व्हिडिओत मोगरी नुसतीच वर-खाली होत राहिली आणि तो काढावा लागला.

आता नियम: आवाज आपलाच. तो आपल्याकडे भरपूर आहे. आरीने भोक पाडतानाचा टच्च आवाज, शिवणीची चामड्याची वादी ओढतानाचा घसटल्यासारखा आवाज, दगडावर तळ ठोकताना सुरुवातीला दबका आणि चामडं बसत गेलं की टणक होत जाणारा आवाज. कारखान्यातले दादा आवाजावरून सांगतात की तळ झाला. त्यांचा एक व्हिडिओ नुसता आवाजाचा करायचा: कच्चा तळ, अर्धा झालेला, पुरा झालेला. बघणाऱ्याने डोळे मिटले तरी फरक कळायला हवा.

आणि करकरणारी चप्पल! तळाच्या दोन थरांमध्ये बी घालतात म्हणून ती चालताना वाजते. हा व्हिडिओ दिवाळीजवळ ठेवलाय.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पाऊस थांबत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून घरातून निघावं लागतं.

आज लिहायला जड जातंय. दादांच्या व्हिडिओखाली जातीवरून दोन-तीन जणांनी घाण लिहिली. मी दुपारी बघितली, म्हणजे चार तास ती तिथे होती. दादांच्या मुलाने ती वाचली होती. आधी स्क्रीनशॉट ठेवले, मग कमेंट्स काढल्या, ती खाती ब्लॉक केली, आणि शब्दांची गाळणी लावली. ती गाळणी पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. मराठी शिव्या, त्यांची इंग्रजी अक्षरांतली रूपं, अक्षरांच्या मध्ये टिंबं टाकून केलेली रूपं, अशी यादी बसून हाताने तयार केली. ती करताना पोटात ढवळत होतं.

दादांना विचारलं, व्हिडिओ काढू का? ते म्हणाले, "काढू नको. मी काय चोरी केल्या?"

व्हिडिओ आहे तिथेच आहे. आता टाकल्यावर पहिले दोन तास मी फोन सोडत नाही. आपण माणसाला लोकांसमोर आणतो, तर त्याच्या शेजारी उभं राहणं हे आपलंच काम आहे. यासाठी वेळ धरूनच आठवड्याचं वेळापत्रक केलंय: तीन नाही, दोन व्हिडिओ.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपती बसलेत, परवा गौरी येतील. शूटिंग नाही. बायकांची कामं बंद, माझंही बंद.

८ सप्टेंबर, सोमवार

आजवर सगळ्यात जास्त पुढे पाठवला गेलेला व्हिडिओ: 'खरी कोल्हापुरी कशी ओळखायची'. तात्या गल्ल्यावर बसलेत, समोर दोन जोड. एक आमचा, एक बाहेरून आणलेला रेक्झिनचा. कुठल्या दुकानातून आणला ते सांगितलं नाही, ते सांगायचं कारणही नाही. तात्या दोन्ही जोड हातात तोलतात. मग उलटे करतात. आमच्या तळाला कडेने चामड्याच्या वादीची शिवण, खिळा एकही नाही. दुसऱ्याला दोऱ्याची यंत्राची शिवण आणि खाली रबर. मग नाकाशी नेतात आणि नुसते हसतात. वास व्हिडिओतून पोचत नाही, पण त्यांचं ते हसणं पोचतं.

हा ५२ सेकंदांचा आहे, आमच्यासाठी लांबच. रील आता तीन मिनिटांची करता येते, पण मला एक मिनिटाच्या पुढे जायचं नाही. शिकवणारा व्हिडिओ मात्र थोडा लांब चालतो, कारण बघणाऱ्याला शेवटपर्यंत काहीतरी हाती लागणार असतं.

खाली प्रश्न आला, "चामडं कोल्हापूरचंच का?" तात्या म्हणाले, उत्तर देऊ नको. मी म्हटलं, देऊया. आमचं म्हशीचं चामडं चेन्नईकडून कमावून येतं, झाडाच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. पूर्वी इथेच बाभळीच्या सालीत कमावायचे, आता ते काम इथे फार थोडं उरलंय. हे तसंच्या तसं लिहिलं. एकाने विचारलं, मग कोल्हापुरी कशी? त्याला दादांनीच व्हिडिओतून उत्तर दिलं: तळ कापण्यापासून गोंडा लावण्यापर्यंतचं सगळं हाताने. १५ सेकंद, एकही वाक्य नाही. त्या माणसाने नंतर दोन जोड मागवले.

१५ सप्टेंबर, सोमवार

पैसे देऊन करून घेतलेला एक प्रयोग फसला, त्याची नोंद. लग्नाच्या कपड्यांवर व्हिडिओ करणाऱ्या एका खात्याला दोन जोड आणि ठरलेली रक्कम दिली. व्हिडिओ देखणा झाला. पण त्यात पैसे घेऊन केल्याची खूण नव्हती. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत, पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर ते दिसेल असं लिहावं लागतं. मी सांगितलं, दोन दिवस गेले, मग खूण लागली. बघणारे खूप आले, ऑर्डर एकही नाही. त्यांच्या बघणाऱ्यांना लेहंगा हवा होता, पायातलं काय ते नंतर.

त्या रकमेत मावशीच्या वेण्या किती झाल्या असत्या, हा हिशेब मी केला. परत हा मार्ग नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज झालं!

नवरात्रातला तिसरा दिवस. अंबाबाईच्या दर्शनाची रांग भवानी मंडपापर्यंत. दुपारी साडेतीनला एक बाई, तिचा नवरा आणि सासू पायऱ्या चढून आले. नागपूरचे. तिने फोन पुढे धरला, पडद्यावर मावशीचे हात थांबवून ठेवलेले. म्हणाली, "हे याच दुकानाचं ना? आम्ही चार दुकानं विचारत आलो." चारही दुकानांनी आमच्याकडे बोट दाखवलं होतं. लाईनीतल्या माणसांचं हे मन मोठं आहे, ते लिहून ठेवायलाच हवं.

मला वाटलं ती जोड बघेल, भाव विचारेल. तिने विचारलं, "त्या मावशी आज आहेत का?"

तात्या माझ्याकडे बघायला लागले. मावशी दुकानात कधीच नसते. आजवर कुणी तिला विचारलंच नव्हतं. मी फोन लावला. मावशी म्हणाली, "मला कशाला बोलवतीस, मी काय सांगू त्यास्नी?" आणि तरी अर्ध्या तासात रिक्षाने आली, धुतलेलं लुगडं नेसून, पिशवीत अर्धी वेणी घेऊन. कट्ट्यावर बसून तिने ती पुरी केली. नागपूरच्या आजींनी तिचा हात हातात घेऊन बोटं बघितली. अंगठ्याच्या बाजूला चामड्याने पडलेली चीर आहे, ती दिसली. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त हात बराच वेळ सोडला नाही.

मी शूट केलं नाही. फोन खिशातच ठेवला.

५ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याच्या ऑर्डरी गेल्या आणि आता परत यायला लागल्या. बारा जोडांपैकी तीन मापामुळे. दोष आमचा. व्हिडिओ बघून माणूस बुटाचा नंबर सांगतो, आणि आमचं माप त्याच्याशी जुळत नाही, शिवाय पाय रुंद असेल तर अंगठ्याजवळ दाटतं.

म्हणून दोन साधे व्हिडिओ. एकात कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल उभी धरून कड काढायची, टाचेपासून लांब बोटापर्यंत मोजायचं आणि कागदाचा फोटो पाठवायचा. दुसऱ्यात नवी चप्पल चावते तेव्हा काय करायचं: पट्ट्याला आतून थोडं तेल चोळायचं, पहिले काही दिवस घरातच तासभर घालायची, पाण्यात न्यायची नाही. यात देखणं काही नाही आणि हे फार पळणारही नाहीत. पण कुणी ऑर्डर दिली की तात्या आता पहिल्यांदा हेच पाठवतात. दुकानात उभं राहून जे पन्नास वेळा सांगावं लागतं, ते एकदाच सांगितलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाचही बायका आज कारखान्यात आल्या. पाचही जणी एका जागी बसल्या, असं दुकान सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. दोन विषय होते.

पहिला पैशांचा. वेणीचा दर जोडीमागे वाढवला. मी तात्यांना आदल्या रात्री एकच गोष्ट दाखवली होती: चौकशीच्या निरोपांत लोक कुठला शब्द वापरतात. 'चप्पल' सगळीकडे होता, पण त्याच्या शेजारी 'ती वेणीवाली', 'मावशींची', 'हाताची वेणी'. गिऱ्हाईक ज्याचं नाव घेऊन येतं, त्याच्या हातात जास्त पडायला हवं. तात्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, "हे मला आधी कळाय पायजे हुतं."

दुसरा विषय नावाचा. डब्यात एक चिठ्ठी घालायची: तळ कुणी केला, वेणी कुणी घातली. सरकारच्या चर्मोद्योग महामंडळाने आता क्यूआर कोड आणलाय, तो स्कॅन केला की कारागीर कोण आणि गाव कुठलं ते दिसतं. त्याच्या जोडीला आमची हाताने लिहिलेली चिठ्ठी. तीन बायका लगेच हो म्हणाल्या. एक म्हणाली, नुसतं पहिलं नाव लिहा, आडनाव नको. पाचवी नको म्हणाली. तिच्या जोडात चिठ्ठीवर 'वेणी: सुभाषनगर' एवढंच जाईल. मावशीच्या शेजारची, कॉलेजात जाणाऱ्या त्या पोरीची आई ती हीच. तिला कुणी आग्रह केला नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी झाली. गल्ल्यावर तात्या वहीत टिपत होते, कोण कुठून आलं. 'फोनवर बघून' या रकान्यात खुणा करता करता त्यांचं पान भरलं आणि मागची बाजू वापरावी लागली. करकरणाऱ्या चपलेचा व्हिडिओ बघून आलेले तरुण जास्त. जोड घालून दुकानातच येरझाऱ्या घालतात, वाजते का बघायला.

एक काम राहिलंय. कारखान्यातल्या एका पोराचं टिकटॉकवर मोठं खातं होतं. जून २०२० च्या अखेरीस ते ॲप देशात बंद झालं आणि दोन वर्षांत जमवलेली सगळी माणसं एका रात्रीत गेली. पुढच्याच महिन्यात रील्स आल्या, पण त्याने परत सुरुवात केली नाही. तो आजही त्याबद्दल बोलायला लागला की आवाज खाली जातो. म्हणून आता प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारून त्याचा नंबर आणि पायाचं माप वहीत. नवीन जोड आला की व्हॉट्सॲपवर निरोप. मूळ व्हिडिओ दोन हार्ड डिस्कवर, मजकुराच्या ओळी नसलेले, म्हणजे कुठेही नव्याने चढवता येतील.

तात्या म्हणाले, दिवाळीपर्यंतचं ठरलं होतं, आता पुढे? मी म्हटलं, चालू ठेवूया. त्यांनी दुसऱ्या स्टँडचे पैसे दिले.

९ नोव्हेंबर, रविवार

नवा स्टँड मावशीकडे ठेवलाय. मागच्या रविवारी तिला लाल बटण दाखवलं होतं, बाकी काही नाही.

आज तिने नातवाच्या फोनवरून एक व्हिडिओ पाठवला. चार मिनिटांचा. दाराजवळचा उजेड तिने स्वतः निवडलाय आणि फोन नेहमीसारखा समोर नाही, तिच्या खांद्याच्या मागून वर लावलाय. त्यामुळे हात आपल्याला तिला दिसतात तसे दिसतात. मला चार महिन्यांत काय, सात वर्षांत सुचली नसती ती जागा. इथून पहिल्यांदा कळतं की ती पट्टी उचलण्याआधी खालच्या पट्टीवर नखाने हलकेच दाबते. मी एवढ्या वेळा शूट केलं, मला ते दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या मिनिटाला हात थांबतात. चहाचा कप फ्रेममध्ये येतो, दोन घोट, कप बाहेर. मग ती कुणाला तरी म्हणते, "गप, चालू हाय." आणि परत वेणी.

४५ सेकंदांचा करायचाय. नखाचा तुकडा सुरुवातीला. चहा कापणार नाही. मावशीला विचारलंय, ती म्हणाली, "आणि ह्यात तोंड घे की थोडं. शेवटाला. मी पदर नीट करून बसतो." ते उद्या सकाळी आठला शूट करायचं, उजेड दारातून आत यायच्या वेळी.